हौशी रेडिओची सुरुवात : डोंगलपासून सात मेगाहर्ट्झपर्यंत

परवाना हाती येण्यापूर्वीचे सुमारे सहा महिने मी फक्त ऐकत होतो आणि त्या काळात प्रक्षेपण करू शकेल असे एकही यंत्र मी मुद्दामच घरात आणले नव्हते. हौशी रेडिओत, म्हणजे ज्याला सगळे ‘हॅम रेडिओ’ म्हणतात त्या छंदात, नव्याने येणारा माणूस बहुधा आधी स्वस्तातली हँडी, म्हणजे हातात धरून बोलायचा छोटा संच, विकत घेतो आणि मग परवान्याची चौकशी करतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. यंत्र हातात असले की बटण दाबून पाहण्याचा मोह होतो, आणि परवान्याशिवाय ते दाबणे बेकायदा आहे. शिवाय नुसत्या हँडीवर जे ऐकू येते, तो या छंदाचा अगदी लहानसा कोपरा आहे. तेवढ्यावरून मत बनवून हा नाद सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते.

माझी सुरुवात एका यूएसबी डोंगलने झाली. हे डोंगल मुळात संगणकावर दूरचित्रवाणीचे डिजिटल प्रक्षेपण पाहता यावे म्हणून बनवलेले होते. त्यातील आरटीएल२८३२यू या चिपकडून कच्चा संकेत जसाच्या तसा संगणकाकडे नेता येतो आणि पुढचे सगळे काम सॉफ्टवेअरवर सोपवता येते, हे २०१२ मध्ये काही उत्साही मंडळींनी दाखवून दिले, आणि टाकाऊ ठरू शकली असती अशी ही वस्तू साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारा रिसीव्हर बनली. पडद्यावर वरून खाली सरकणारा रंगीत पट्टा असतो, त्याला वॉटरफॉल म्हणतात, आणि त्यावर प्रत्येक संकेत आपापली रेघ उमटवतो. एफएमची रेघ जाड, टिंब-रेषांच्या मोर्सची तुटक आणि बारीक, आवाज अरुंद पट्ट्यात पाठवणाऱ्या एकल पार्श्वपट्ट्याची म्हणजे एसएसबीची एका बाजूने झिरझिरीत. काही दिवसांनी कान लावण्याआधीच डोळ्यांना कळू लागते की कोण काय पाठवत आहे.

पहिल्या आठवड्यात मात्र मला रेघांपेक्षा कचराच जास्त दिसला. ठरावीक अंतरावर उभ्या राहिलेल्या, हळूहळू डावीकडे-उजवीकडे सरकणाऱ्या रेघा सगळीकडे होत्या आणि डोंगलच खराब निघाले अशी माझी समजूत झाली. अखेरीस लॅपटॉप बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच मी बंद केला, तेव्हा त्यातल्या बहुतेक रेघा क्षणात नाहीशा झाल्या. मग एकेक वस्तू पुन्हा चालू करत गेल्यावर फोनचा एक चार्जर, दोन एलईडी दिवे आणि इंटरनेटच्या राउटरचा वीजपुरवठा हे मुख्य दोषी निघाले. या सर्वांमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारे मंडल असते आणि त्या प्रत्येक चालू-बंद होण्याचे पडसाद कितीतरी मेगाहर्ट्झपर्यंत पसरतात. चार्जर बदलला, राउटरच्या वायरीला फेराइटचे कडे घालून तिचे सहा-सात वेढे दिले, आणि त्याच डोंगलवर, त्याच अँटेनावर, पूर्वी गाडलेले संकेत वर आले. पुढे जे काही शिकलो त्यातला सर्वांत उपयोगी धडा हाच होता आणि तो जवळजवळ फुकट मिळाला. ऐकण्याची क्षमता वाढवायची असेल तर यंत्र बदलण्याआधी घरातला गोंगाट कमी करावा.

त्याच काळात आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचा संकेत पहिल्यांदा ऐकला. स्थानकावरील हौशी केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करते आणि काही ठरावीक दिवशी तिथून मंदगतीने चित्रे पाठवली जातात. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जात असल्यामुळे ते क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत जास्तीत जास्त दहा-अकरा मिनिटे मिळतात. ते आपल्याकडे येत असताना वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झने वर असते आणि दूर जाताना तेवढीच खाली घसरते. पुस्तकात वाचलेला डॉप्लर परिणाम वॉटरफॉलवर तिरक्या रेषेच्या रूपात समोर उभा होता. चित्राचा प्रत्येक बिंदू एका सुरात बदललेला असतो, काळ्यासाठी १५०० हर्ट्झ आणि पांढऱ्यासाठी २३००, आणि मधल्या छटा मधल्या सुरांत. एक चित्र पुरे व्हायला दोन मिनिटे लागतात. माझे पहिले चित्र खालच्या बाजूने करड्या ठिपक्यांत विरून गेलेले होते, तरीही ते मी अजून जपून ठेवले आहे. अंतराळातून हौशी रेडिओवर बोलणारे पहिले अंतराळवीर ओवेन गॅरिएट यांनी १९८३ मध्ये स्पेस शटलमधून संपर्क साधला होता. त्यांचा आवाज ऐकणाऱ्या अनेकांकडेही माझ्यासारखीच साधी साधने असणार, हा विचार तेव्हा मनात आला आणि मग परवान्याचा अभ्यास लांबणीवर टाकणे मला जमले नाही.

परवाना कशासाठी, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. रेडिओ लहरी सीमा ओळखत नाहीत आणि वर्णपटाचा प्रत्येक तुकडा कोणाच्या ना कोणाच्या कामाचा असतो: विमानांच्या, जहाजांच्या, रुग्णवाहिकांच्या. त्यामुळे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत हौशी सेवेसाठी स्वतंत्र पट्टे राखून ठेवलेले आहेत, आणि ते वापरणाऱ्याने आपली तांत्रिक व व्यावहारिक पात्रता सिद्ध केली पाहिजे अशी अट आहे. त्या बदल्यात जे स्वातंत्र्य मिळते ते दुसऱ्या कोणत्याही रेडिओसेवेत नाही. स्वतः बनवलेले, कोणत्याही कारखान्याचा शिक्का नसलेले यंत्र हवेत आणण्याची मुभा फक्त हौशी परवानाधारकाला असते. बंधनेही स्पष्ट आहेत. व्यवसायाचे बोलणे चालत नाही, आणि संदेशाचा अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक लिपी वापरता येत नाही. कोणीही ऐकू शकेल अशाच रीतीने बोलायचे असते. पूर्वी लघुलहरींवर बोलण्यासाठी मोर्सची परीक्षा जगभर सक्तीची होती. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ती सक्ती उठवली आणि निर्णय प्रत्येक देशावर सोपवला, त्यामुळे आता अनेक ठिकाणी मोर्सशिवायही पूर्ण परवाना मिळतो.

अभ्यासाचे तीन भाग होते: नियम, विद्युत व रेडिओचे मूलतत्त्व, आणि हवेतले व्यवहार. ओहमचा नियम, अनुनाद, डेसिबल, पारेषण तार हे विषय शाळेत शिकून विसरलेले होते. या वेळी मात्र ते विसरले गेले नाहीत, कारण प्रत्येक प्रश्न मी रोज ऐकत असलेल्या गोष्टीशी जाऊन भिडत होता. एक उदाहरण देतो. चौदा मेगाहर्ट्झचा हौशी पट्टा १४.३५० वर संपतो. तिथे वरच्या पार्श्वपट्ट्यावर बोलण्याची प्रथा आहे, म्हणजे आवाज डायलवर दिसणाऱ्या आकड्याच्या वर साधारण पावणेतीन किलोहर्ट्झ पसरतो. तेव्हा डायल १४.३४९ वर ठेवून बोलणारा माणूस आकड्याकडे पाहून निश्चिंत असतो, पण त्याचा आवाज पट्ट्याबाहेर सांडत असतो. हा प्रश्न परीक्षेत वेगळ्या शब्दांत आला तेव्हा वॉटरफॉलवरची ती झिरझिरीत रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती. प्रश्नसंच पाठ करून उत्तीर्ण होता येते हे खरे आहे, पण अशा माणसाला पहिली अँटेना उभारताना सगळा अभ्यास नव्याने करावा लागतो.

परीक्षा सुरळीत पार पडली. अर्जाने मात्र दमवले. माझ्या दोन कागदपत्रांवर नावाचे लेखन एका अक्षराने वेगळे होते आणि त्यामुळे अर्ज परत आला. दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्र, पुन्हा शुल्क, पुन्हा रांग असे करण्यात सात आठवडे गेले. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन की परीक्षेला बसण्यापूर्वीच सर्व कागदांवरचे नाव, पत्ता आणि जन्मतारीख अक्षरशः जुळते का ते तपासून घ्यावे.

हे सात आठवडे मी मोर्समध्ये घालवले आणि त्याबद्दल मला समाधान आहे. टिंब-रेषांचा तक्ता पाहून मोर्स शिकू नये, हा सल्ला मला वेळेवर मिळाला. अक्षर डोळ्यांनी पाहिले की मेंदू टिंबे मोजू लागतो आणि मिनिटाला दहा-बारा शब्दांच्या वेगाला येऊन अडतो. कॉख पद्धतीत सुरुवातीपासूनच अक्षर पूर्ण वेगाने ऐकवतात, आधी फक्त दोनच अक्षरे, आणि त्यांत नव्वद टक्के अचूकता आली की तिसरे. रोज वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. पाचव्या आठवड्यात एका रात्री सात मेगाहर्ट्झवर चाललेल्या संभाषणातले एक कॉल साइन, म्हणजे परवानाधारकाचे हवेतले ओळखचिन्ह, मी न लिहिता ओळखले. त्यात मोजणे नव्हते, तो एक शब्द म्हणून कानावर आला.

कॉल साइन मिळाल्यावर पहिली खरेदी हँडीचीच केली. पाच वॉट शक्तीची, दोन पट्ट्यांवर चालणारी आणि बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या प्रकारातली. अशा यंत्रांबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्यांतल्या काहींमध्ये गाळणी मंडल कमकुवत असते आणि १४५ मेगाहर्ट्झसोबत २९० आणि ४३५ वरही नको इतके प्रक्षेपण होते. मी माझ्या डोंगलवरच तिची तपासणी केली. अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे शक्ती हवेत न सोडता जिरवणारा रोधक, लावला आणि डोंगल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले, कारण जवळ ठेवल्यास त्याचा आठ-बिटी परिवर्तक भारावून जातो आणि नसलेले संकेत दाखवतो. ही अचूक मोजणी नव्हे, पण ढोबळ दोष तरी त्यातून कळतो. माझी हँडी समाधानकारक निघाली.

पहिले दोन दिवस तरीही कोणीच उत्तर दिले नाही. जवळच्या डोंगरावरचा रिपीटर मला स्पष्ट ऐकू येत होता, मी त्यावर बोलत होतो, आणि माझ्या बोलण्याने काहीच घडत नव्हते. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि दुसरीवर तेच पुन्हा प्रक्षेपित करतो. या पट्ट्यात दोहोंतले अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ असते आणि ते मी बरोबर भरले होते. राहिला होता तो सूर. अनेक रिपीटर आवाजाखाली सतत वाजणारा एक अतिखर्ज सूर ऐकल्याशिवाय उघडतच नाहीत, आणि तो माझ्या यंत्रात दुसऱ्याच आकड्यावर होता. तो दुरुस्त करून मी कॉल साइन उच्चारले आणि बटण सोडले, तर रिपीटरची शेपटी, म्हणजे बोलणे संपल्यावर क्षणभर टिकणारी त्याची लहर, ऐकू आली. मग एक वडीलधारा आवाज म्हणाला, “नमस्कार, तुमच्या कॉल साइनचे पहिले अक्षर कापले गेले. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबा, मग बोला. आणि सावकाश बोला, इथे कोणाला घाई नाही.” मी थांबलो, पुन्हा बोललो, आणि त्यांनी माझे कॉल साइन जसेच्या तसे परत म्हटले. स्वतःचे कॉल साइन दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकताना जे वाटले ते नेमके सांगता येत नाही.

हँडीसोबत आलेली आखूड रबरी अँटेना सोयीची असते, कार्यक्षम नसते. म्हणून एका संध्याकाळी मी पाव-तरंगलांबीची अँटेना बनवली. पॅनेलवर बसवायचे एक एसओ-२३९ सॉकेट, मधल्या टोकाला सोल्डर केलेली ४९ सेंटिमीटरची उभी पितळी सळई, आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत अडकवलेल्या तिच्याहून किंचित लांब अशा चार सळया. या चार सळया आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास येतो. त्या ४५ अंशांत खाली वाकवल्या की तो ५० ओहमच्या जवळ जातो आणि केबलशी जुळतो. ती छतावर चढवल्यावर मला मोठ्या फरकाची अपेक्षा होती, प्रत्यक्षात फरक माफकच पडला. कारण केबल होते. पातळ आरजी-५८ जातीची १५ मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झला सुमारे तीन डेसिबल खाते, म्हणजे पाच वॉटपैकी जेमतेम अडीच वॉट वर पोहोचतात, आणि येणाऱ्या संकेतांचीही तीच गत होते. यंत्र खाली आणि केबल लांब ठेवण्याऐवजी मी हँडी घेऊन गच्चीवर गेलो, दोन मीटर केबल लावली, आणि ७० किलोमीटरवरच्या एका स्थानकाशी रिपीटरशिवाय बोललो.

लघुलहरींकडे जाण्याची इच्छा मात्र पहिल्यापासून होती. लघुलहरींवरचा तयार संच, म्हणजे एचएफ संच, मला परवडणारा नव्हता आणि जुना संच घेण्याइतकी पारख माझ्याकडे नव्हती. स्वस्तात एचएफवर जाण्याची एक थोर परंपरा आहे, आणि तिच्यात हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स या संचाचे नाव मला सर्वांत आधी घ्यावेसे वाटते. सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून कोणालाही एसएसबी संच जोडता यावा म्हणून त्यांनी त्याचा आराखडा खुला केला. त्यात वेटोळी गुंडाळण्यासाठी चक्क नळात बसवायचे वायसर वापरले होते. मी मोर्स शिकलो असल्यामुळे त्याहूनही साधा मार्ग निवडला: सात मेगाहर्ट्झवर पाच वॉट देणारा, फक्त मोर्सचा जोडसंच.

जोडणीला तीन रविवार लागले. अंगठीसारख्या गाभ्यांवर तार गुंडाळताना भोकातून जाणारी प्रत्येक फेरी एक वेढा धरायची असते आणि इथेच बहुतेकांची मोजणी चुकते. माझी मोजणी बरोबर होती, पण तारेवरचे इनॅमल मी नीट खरवडले नव्हते. सोल्डर वरून चकचकीत दिसत होते आणि आत संपर्कच नव्हता. संच सुरू केला तर शक्ती शून्य. एकेका सांध्यावर मल्टिमीटर लावत गेल्यावर दोष सापडला. हे सगळे डमी लोडवर केले, आणि तो डमी लोडही घरचाच होता: एक किलोओहमचे, अर्ध्या वॉटचे वीस कार्बन रोधक समांतर जोडले की ५० ओहम होतात आणि १० वॉटपर्यंतची शक्ती ते उष्णतेत जिरवतात.

अँटेनासाठी १४३ भागिले वारंवारता हे सूत्र वापरले. त्याने ७.१ मेगाहर्ट्झसाठी २०.१ मीटर लांबी येते. घराच्या वायरिंगची प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार मधोमध कापून, मध्य सात मीटर उंचीवर आणि दोन्ही टोके खाली उतरती, असा उलटा व्ही बांधला. उसन्या आणलेल्या नॅनोव्हीएनए या हातात मावणाऱ्या छोट्या मापकाने पाहिले तर अनुनाद ६.८५ वर होता आणि हव्या त्या जागी एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते ते दाखवणारे गुणोत्तर) तीनच्या वर, म्हणजे पाव शक्ती परत येत होती. प्लॅस्टिकचे आवरण आणि जमिनीची जवळीक यांमुळे तार विद्युतदृष्ट्या जास्त लांब ठरते. दोन्ही टोके एकदम न कापता दहा-दहा सेंटिमीटर मागे दुमडत गेलो आणि एकूण सुमारे ७० सेंटिमीटर कमी झाल्यावर एसडब्ल्यूआर दीडच्या खाली आला. कापण्याऐवजी दुमडल्यामुळे चूक झाली असती तरी ती परत उलगडता आली असती. आणि जी आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला अर्धी शक्ती खात होती, तीच इथे जेमतेम आठवा हिस्सा खाते, तेव्हा ती बदलण्याची गरज उरली नाही.

१९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना २०० मीटरपेक्षा लहान लहरींकडे ढकलले होते, कारण त्या लांबच्या दळणवळणाला निरुपयोगी समजल्या जात. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लेऑं देलॉय आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केले तेव्हा तो समज मोडला. लहान लहरी आयनावरणातून परत फिरतात आणि क्षितिजापलीकडे उतरतात. दिवसा खालचा डी थर सात मेगाहर्ट्झला बराचसा शोषून घेतो, सूर्यास्तानंतर तो विरतो आणि पट्टा उघडतो. मी म्हणूनच रात्री नऊनंतर बसू लागलो.

चार रात्री ७.०३० वर मी सीक्यू, म्हणजे ‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक, पुकारले आणि चारही रात्री शांतता होती. पाचव्या रात्री रिव्हर्स बीकन नेटवर्कवर पाहिले. जगभरातले स्वयंचलित रिसीव्हर मोर्समधली सीक्यूची हाक उकलून ती कुठे ऐकू आली हे तिथे नोंदवतात, आणि माझे कॉल साइन तिथे होते, साधारण १४०० किलोमीटरवरच्या एका रिसीव्हरवर, गोंगाटापेक्षा सहा डेसिबल वर. म्हणजे तार काम करत होती आणि संच काम करत होता. पाच वॉट आणि शंभर वॉट यांत १३ डेसिबलचा फरक आहे, सिग्नल मीटरवर जेमतेम दोन पायऱ्यांचा. त्यानंतर मी स्वतः सीक्यू पुकारणे थांबवले आणि ज्याचे सीक्यू मला बळकट ऐकू येते त्याला उत्तर द्यायचे असे ठरवले.

सहाव्या रात्री असे एक स्थानक सापडले. त्याने माझे कॉल साइन पहिल्यांदा एक टिंब कमी घेऊन परत पाठवले, मी ते दोनदा सावकाश पाठवले, आणि त्याने वेग माझ्याइतका कमी केला. सुस्पष्टता, बळ आणि सूर यांच्या तीन आकडी अहवालात मला ४४९ मिळाले, मी त्याला ५७९ दिले. क्यूएसबीमुळे, म्हणजे संकेताच्या चढउतारामुळे, त्याचे नाव अर्धेच हाती लागले, ते मी पुन्हा मागितले आणि त्याने तीनदा पाठवले. ७३, म्हणजे निरोपाच्या शुभेच्छा, झाल्यावर नोंदवहीत यूटीसी वेळ, वारंवारता, दोन्ही अहवाल आणि ‘५ वॉट, उलटा व्ही’ असे लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात मध्याची उंची सातवरून दहा मीटर करायची असे लिहून ठेवले, कारण दोर आणि बांबू आधीच आणून ठेवलेले होते.